बयोची डावी बाजू

नरेश, तू गेल्यापासून भेटेल तो मला एकच विचारतो, "कुठल्या माशानं?"

पहिले दोन दिवस मी नीट उत्तर देत होते. माशाने नाही, हार्ट अटॅकने. समुद्रात नाही, चारोटी नाक्याजवळ, पंक्चरच्या दुकानात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या बसल्या. ऐकणाऱ्याचा चेहरा उतरायचा. इतकी वर्षं मोठमोठ्या शार्कच्या तोंडासमोर कॅमेरा धरणारा माणूस मागच्या चाकाचं पंक्चर निघेपर्यंत टिकला नाही, हे कुणाला पटतच नाही. त्यांना फसवल्यासारखं होतं. खरं सांगायचं तर मलाही होतं. हल्ली मी वाद घालत नाही, नुसती मान हलवते, आणि त्यामुळे आमच्या गावातल्या निम्म्या लोकांच्या मते तुला मुशीने, म्हणजे शार्कने, खाल्लेलं आहे. तू असतास तर म्हणाला असतास, "चालशे." तुझं ते डहाणूच्या बाजारातून उचललेलं गुजराती चालशे. भाजी खारट झाली, चालशे. बोट दोन तास उशिरा आली, चालशे. त्या एका शब्दात तू खूश आहेस की वैतागलायस, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी त्या पंक्चरवाल्याकडे जाऊन आले. हसू नकोस. मला एवढंच विचारायचं होतं की तुझ्या गाडीचं तोंड कुठे होतं. डहाणूहून निघालेला माणूस चारोटीला आला की एक तर सरळ कासाला जातो, नाही तर हायवेने तलासरीकडे, म्हणजे माझ्याकडे, वळतो. पंक्चरवाला भला माणूस. म्हणाला, "ताई, गाडी स्टँडवर होती, मागचं चाक काढलेलं. तिला कसलं तोंड?" हँडलला पिशवी होती, पिशवीत सुके बोंबील. दर पावसाळ्यात माझ्या बाबांसाठी आणायचास तसेच. मी लगेच मनाशी म्हटलं, म्हणजे माझ्याकडेच येत होता. तर तुझी बायको रेखा म्हणाली, कासाला तिची मावशी राहते, तिनेही बोंबील मागवले होते. घरातून निघताना तू फक्त "जरा जाऊन येतो" म्हणालास म्हणे. एरवी एका कोळंबीची गोष्ट अर्धा तास सांगणारा माणूस, आणि नेमकं त्या दिवशी तीन शब्दांत आटोपलंस.

मला हे कळायला हवं आहे, कारण त्याच सकाळी अकरा वाजता तू मला फोन केला होतास.

लावणी चालू होती. माझे हात कोपरापर्यंत चिखलात, आणि फोन बांधावर, पिशवीत गुंडाळून ठेवलेला. भावजयीने ओरडून सांगितलं, नरेशदादांचा फोन. मी म्हटलं, वाजू दे. वर हसलेसुद्धा. साडेतीन महिन्यांनी आला होता तो फोन. मनात म्हटलं, आला शहाणा वठणीवर. आता बस थोडा वेळ. मी सावकाश हातपाय धुईन, चहा घेईन, मग करीन. फोन पूर्ण वाजून बंद झाला. पुन्हा वाजला नाही. दुपारी वाजला तेव्हा पलीकडे तू नव्हतास, रेखा होती, कासाच्या दवाखान्यातून. तुला तिथे आणलं तोवर सगळं संपलेलं होतं.

आता हे वाचणाऱ्याला वाटेल, ही बाई केवढी निष्ठुर. पण आपला नियमच होता ना. हरेल त्याने आधी फोन करायचा. नियम तू केलेला, आपल्या डायव्हिंगच्या पहिल्याच सीझनला. समुद्राखाली एकमेकांच्या भरवशावर राहणाऱ्या दोघांनी अबोला धरून चालत नाही, म्हणून. माफी मागायची नाही, विषय काढायचा नाही, नुसतं "काय चाललंय?" विचारायचं. जिंकणाऱ्यानेही टोमणा मारायचा नाही. किती सोयीचा नियम होता! पाच-सहा वर्षांत मी तुला कितीदा फोन केले आणि तू मला कितीदा, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. मार्चच्या शेवटी आपण भांडलो तेव्हा मात्र दोघेही फोन घेऊन बसलो. भांडण कशावरून, तर ती मुशी एक होती की दोन, यावरून. हे मी तुझ्या दहाव्याला आलेल्या माणसांना सांगू शकत नव्हते.

तुला आठवतं, आपण पहिल्यांदा भेटलो ते मालवणकडे, डायव्हिंग शिकायला. मी तलासरीच्या डोंगराकडची, भात आणि नागली, म्हणजे नाचणी, पिकवणाऱ्या घरची, नदीच्या डोहात पोहायला शिकलेली. खारं पाणी तोंडात गेलं की थू थू करायची. तू डहाणूच्या किनाऱ्यावरचा, बापाच्या बोटीवर वाढलेला, आणि गंमत म्हणजे पाण्याखाली डोळे उघडून तूही कधी पाहिलं नव्हतंस. आपल्याकडचं पाणी गढूळ, बघणार काय? "आमी मासा बोटीत पडल्यावरच बघतो," तू म्हणालास. माझ्या तोंडून दोनदा 'नाय' आणि एकदा 'मंग' ऐकल्यावर विचारलंस, "आपल्याच जिल्ह्यातली ना गं तू?" आपल्या जिल्ह्यात समुद्र आणि डोंगर आहेत, पण डोंगरवाल्यांनी समुद्रात काय करायचं, हे तुला कोडं होतं. मलाही होतं. ते अजून सुटलेलं नाही.

तुझ्या वडिलांनी जन्मभर मुशी पकडल्या. तुझी आई, बयो, त्या कापून, सुकवून बाजारात विकायची. तुझ्या घरात मुशीचा फोटो काढणं म्हणजे कांद्याचा फोटो काढण्यासारखं. तू मालदीवहून पहिला फोटो आणून दाखवलास तेव्हा मी समोर होते. बयोने चष्मा लावून पाहिला, आडवा धरला, उभा धरला, आणि म्हणाली, "पोटात घालायची वस्तू डोळ्यांत कशाला घालतोस?" तू दिवसभर हसत होतास. पण फोटो तिने परत दिला नाही. तांदळाच्या डब्याखाली ठेवून दिला.

मग ऑक्टोबर ते एप्रिल मालदीव, पाहुण्यांना शार्क दाखवणाऱ्या बोटीवर आपण दोघं गाईड, आणि पावसाळ्यात आपापल्या घरी, मी चिखलात आणि तू जाळ्यांत, असं आपलं वर्ष ठरून गेलं. लोक आपल्याबद्दल काय काय बोलायचे. रेखाने एकदाच सगळ्यांचं तोंड बंद केलं. "जमिनीवर याला मी सांभाळते, पाण्यात ही सांभाळते. एकटीला झेपणारा आहे का हा?" म्हणाली. खरं तर पाण्यात कोण कुणाला सांभाळत होतं, हे तिला माहीत नाही.

वाघमुशीसमोर, टायगर शार्कला तू वाघमुशी म्हणायचास, आपली पद्धत ठरलेली होती. एकाने फोटो काढायचा, दुसऱ्याने त्याच्या पाठीशी उलटं तोंड करून मागे बघत राहायचं. कारण वाघमुशी समोरून येत नाही. तुमची नजर हटली की मागून येते, घाई न करता, चौकशीला आल्यासारखी. पाठ राखणाऱ्याच्या वाट्याला मासा येतच नाही. त्याच्या वाट्याला नुसतं निळं पाणी. पहिल्या सीझनला तू सगळा वेळ पाठ राखलीस आणि फोटो मला काढू दिलेस. "तू नवीन आहेस, तुझा हात बसू दे." तूही नवीनच होतास की.

त्या सीझनचा एक दिवस मी विसरू शकत नाही. समोर एक वाघमुशी, पोटावर ऊन पडलेलं, मी फोटोवर फोटो काढत होते. मागून तुझं कोपर लागलं, दोनदा, म्हणजे वळ. वळले तर दुसरी, पहिलीपेक्षा मोठी, हातभर अंतरावर, आणि तुझा तळवा तिच्या नाकावर. दार ढकलावं तसं तू तिला हळूच बाजूला करत होतास. वर बोटीत आल्यावर मी तुलाच अर्धा तास झापत होते, आधी का नाही कोपर मारलंस म्हणून. तू टॉवेलने डोकं पुसत म्हणालास, "तुझा फोटो हलला असता." मी त्याही दिवशी थँक्यू म्हटलं नाही. आपल्यात ती पद्धत नव्हती म्हणतात ते खोटं आहे. मला जमत नव्हतं, एवढंच.

व्हेल शार्कचं तसं नव्हतं. तिला तू नुसतं मोठी मुशी म्हणायचास. एसटीएवढं धूड, पण खाते पाण्यातले बारीकसारीक जीव. तिच्यापुढे कुणाची पाठ राखायची गरज नाही, म्हणून तिथे तेवढे आपण दोघंही कॅमेरा घ्यायचो, एक डावीकडे, एक उजवीकडे. तिच्या अंगावर पांढरे ठिपके असतात, आणि ते प्रत्येकीचे वेगळे, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. शिवाय डाव्या अंगाचे वेगळे आणि उजव्या अंगाचे वेगळे. त्या ठिपक्यांवरून मुशी ओळखून जगभरची नोंद ठेवणारे लोक आहेत. नवीन मुशी सापडली तर पहिला फोटो काढणाऱ्याला नाव ठेवायला देतात. ज्या मुशीची एकच बाजू मिळालेली असते ती अर्धीच नोंदलेली राहते. दुसरी बाजू मिळेपर्यंत ती बिचारी अर्धीच.

बयो गेली तेव्हा तू बोटीवर होतास. डहाणूला पोहोचलास तिसऱ्या दिवशी. पुढच्या सीझनला तुला एक नवी मुशी मिळाली, उजवी बाजू फक्त, आणि तू तिचं नाव ठेवलंस बयो. तुझ्या घरातल्या भिंतीवरचा बयोचा फोटोही कुणाच्या तरी लग्नातला, कापून मोठा केलेला, आणि त्यात ती नेमकी बाजूला कुणाकडे तरी बघते आहे. "माझ्या नशिबात हिची एकच बाजू," तू म्हणायचास. हसत म्हणायचास, पण तीन वर्षं प्रत्येक मोठ्या मुशीच्या डाव्या अंगाला आधी तूच जायचास.

आणि त्या दिवशी, त्या मार्चमध्ये, तू उजवीकडे होतास आणि मी डावीकडे. पाणी हिरवट होतं, चार हातांपलीकडचं नीट दिसत नव्हतं. सकाळीच बोटीच्या कप्तानाने दोन मुशी पाहिल्याचं सांगितलं होतं. माझ्या एका फिनचा पट्टा तुटला, म्हणून पाहुण्यांच्या पेटीतली एक पिवळी फिन मी घातली. पायांत घालायची ती रबरी वल्ही, एक काळं, एक पिवळं. तू बघितलंस आणि म्हणालास, "चला, मुंबईची टॅक्सी निघाली." दिवसभर मला टॅक्सीच म्हणत होतास. आपण उडी मारली, मुशी आली, हिरव्या पाण्यातून आधी तिचं तोंड आणि मग ते संपतच नाही असं अंग. मी डावीकडून तिच्याबरोबर जेवढा वेळ जमेल तेवढा वेळ गेले. माझे ठिपके नोंदीत कुठेच जुळले नाहीत. म्हणजे नवी मुशी. माझ्या नावाची पहिली. मी तिचं नाव ठेवलं नागली. काळ्या पाटावर कुणी मूठभर नागली उधळावी तसे ते ठिपके होते.

मी घरी फोन केला. बाबांनी आधी विचारलं, किती क्विंटलची? मग तलासरीच्या बाजारात सांगत सुटले, आमच्या सवितेचा मासा हाय, नागली नाव हाय. समुद्र त्यांनी फक्त डहाणूच्या किनाऱ्यावरून पाहिलेला आहे, चप्पल हातात धरून.

तुझी उजवी बाजू मात्र जुळली, बयोशी. आणि तू दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी, आनंदाने वेडा होऊन म्हणालास, "अगं, तुझी नागली म्हणजे माझी बयोच! डावी बाजू मिळाली!" मी म्हटलं, नाही. दोन होत्या. कप्तानाने दोन पाहिल्या होत्या. माझी पुढे गेली आणि तुझी मागून आली. तू म्हणालास, एकच होती. मी म्हटलं, दोन. दोन दिवस हेच, पाहुण्यांसमोर, स्वयंपाक्यासमोर, टाक्या भरताना, जेवताना. एक असेल तर जुनं नाव राहतं आणि नवं पुसतात, हे दोघांनाही माहीत होतं. आणि दुसऱ्या संध्याकाळी मी ते बोलले.

ते इथे लिहू की नको, यावर चार दिवस घालवले. लिहितेच. मी म्हटलं, "तुला सगळंच तुझ्या आईच्या नावावर हवं. मेलेल्या बाईला अजून किती मोठं करणार आहेस?"

तू हातातली कॅमेऱ्याची काच पुसत राहिलास. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणालास, "दोन तर दोन. चालशे." आणि सीझन संपायला महिना असताना, घरी काम आहे सांगून डहाणूला निघून आलास. दोन म्हणालास म्हणजे तू हरलास. नियमाप्रमाणे फोन तू करायचा होतास. मी वाट बघितली. एप्रिल गेला, मे गेला. भाताची पेरणी झाली. जूनमध्ये एकदा डहाणू रोडला सामान आणायला आले, तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले, आणि तशीच रिक्षाने परतले. जिंकलेल्या माणसाने कसं जायचं? असला माज होता मला.

तुझ्या दहाव्याच्या आधी रेखाने मला बोलावलं. तिला भिंतीवर लावायला तुझा फोटो हवा होता. हजारो फोटो काढलेस आणि स्वतःचा एक नाही. तुझी हार्ड डिस्क तिने माझ्यासमोर ठेवली आणि शिलाई मशीनवर जाऊन बसली. मला वाटतं, बघायची तिची हिंमत नव्हती. मी एकेक फोल्डर उघडत गेले. मुशी, मुशी, मुशी. तुझा तो जुना हट्ट, फोटोत माणूस नको, माणूस आला की मासा छोटा दिसतो. चुकून कुणाचा हात जरी आला तरी तू फोटो उडवायचास. माझ्याकडच्या फोटोंमध्ये तू आहेस, पण मी मागे वळले तेव्हाचा, पाठमोरा, माझी पाठ राखणारा. मी रेखाला तसं सांगितलं. मशीन थांबवून ती म्हणाली, "पाठमोरा तर पाठमोरा. मी ओळखीन." शेवटी लायसन्सवरचा फोटो मोठा केला. त्यात तू चोरासारखा दिसतोस.

आणि त्या शोधात मार्चचं ते फोल्डर आलं.

त्रेसष्ट फोटो होते. उजवी बाजू, ठिपके, कल्ला, शेपूट. एका फोटोत तू थोडा खाली गेला होतास आणि वर बघत तो काढला होतास. मुशीचं पोट, आणि पोटाखालून पलीकडे, हिरव्या पाण्यात अंधुक, दोन फिन्स. एक काळी, एक पिवळी. माझे पाय, नरेश. तुझ्या बयोच्या डाव्या बाजूला.

मी मग मनाची समजूत घातली, तुझ्या लक्षात आलंच नसेल, एवढंसं तर दिसतंय. पण त्याच फोल्डरमध्ये त्या फोटोचा कापलेला तुकडा वेगळा ठेवलेला होता. नुसती फिन्सची जोडी, मोठी करून. फाइलचं नाव 'टॅक्सी'. केव्हा केली ते कॉम्प्युटर सांगतो. त्याच दिवशी, संध्याकाळी. म्हणजे चहाच्या वेळी तू 'एकच होती' म्हणालास त्याच्या आधी. मी ते आईबद्दलचं बोलले त्याच्या पूर्ण दोन दिवस आधी. तुझ्या खिशात हुकमाचा एक्का होता आणि तू तो टाकलाच नाहीस.

का?

या एका शब्दावर मी महिना घालवला आहे. कधी वाटतं, सकाळी चहावर दाखवून माझी फजिती करायचा तुझा बेत असेल, आणि मग माझा घरी केलेला फोन तुझ्या कानावर पडला असेल. बोटीवर कुणाचं काय लपून राहतं? बाबांचा मासा त्यांच्याकडून काढून घ्यायला तुला जड गेलं असेल. कधी वाटतं, मी ते बोलले आणि तुला माझी किळस आली, आणि किळस आलेल्या माणसाला कुणी पुरावा दाखवत बसत नाही. मग 'दोन तर दोन' हे दान होतं की थुंकणं होतं? तुझा आवाज आठवायचा प्रयत्न करते. रोज वेगळा आठवतो. एकदा तर मला तुझाच भयंकर राग आला. असा कसा रे माणूस, जिंकलेला असून हरतो आणि समोरच्याला कळूही देत नाही? मला हरायची संधी द्यायची होतीस. मी केला असता फोन. एप्रिलमध्येच केला असता.

केला असता का? इथे मी अडखळते. कारण एक गोष्ट तुलाही माहीत नाही, आणि ती सांगायला आता उशीर झाला आहे. त्या दिवशी पाण्यात मी मुशीच्या पाठीवरून पलीकडे बुडबुडे वर जाताना पाहिले होते. तुझेच होते. दुसरं कोण होतं तिथे? वर येईपर्यंत मी मनाला समजावलं की तू मागच्या, दुसऱ्या मुशीबरोबर असशील आणि प्रवाहाने बुडबुडे पुढे आले असतील. असं होत नाही हे शिकाऊ पोरालाही कळतं. मी वाद घालत होते तेव्हा मला अर्धं माहीत होतं. उरलेलं अर्धं मी माहीत करून घेतलं नाही. माझ्याही नावाचं काहीतरी असावं, एवढंच वाटत होतं. डोंगरातल्या बाईच्या नावाने समुद्रात एक मासा फिरतोय, हे किती छान वाटायचं, तुला नाही कळणार. का कळलं होतं? कळलं होतं म्हणूनच दिलास?

बघ, पुन्हा तिथेच आले.

मागच्या आठवड्यात बाबांना सांगितलं. ओसरीवर बसून ते तुझे बोंबील निवडत होते. हो, शेवटी रेखाने पिशवी आमच्याकडेच पाठवली. मावशीला दुसरे देईन म्हणाली. मी सांगितलं की नागली नावाचा मासा आता राहणार नाही, तो नरेशच्या आईचा निघाला. त्यांना कसं वाटेल या काळजीने मी दोन रात्री झोपले नव्हते. ते एक बोंबील बाजूला काढत म्हणाले, "मंग मासा तर तोच हाय ना?"

"तोच."

"मंग झालं तर."

दुसऱ्या दिवशी मी नोंद ठेवणाऱ्यांना लिहिलं. तुझी उजवी बाजू, माझी डावी बाजू, मध्ये पुरावा म्हणून टॅक्सी. काल उत्तर आलं. नागली पुसली. बयो आता पूर्ण आहे, दोन्ही बाजूंनी. उजव्या फोटोखाली तुझं नाव, डाव्या फोटोखाली माझं. मी ते पान उघडलं आणि इतकी रडले की भावजय घाबरली. पण सगळं दुःखाचं नव्हतं रे. तुझ्या पलीकडच्या बाजूला मी होते, आणि आता ते लिहून ठेवलेलं आहे. थँक्यू. बघ, जमलं.

एक काम राहिलं होतं. नियम म्हणजे नियम. हरेल त्याने फोन करायचा.

तुझा नंबर मी पुसलेला नाही. रेखा तुझा फोन रोज चार्ज करते, हे मला माहीत होतं. आज सकाळी शेतावरून येताना बांधावर बसले, त्याच ठिकाणी, आणि लावला. चार वेळा वाजला. रेखाने उचलला. हॅलो म्हणाली नाही. स्क्रीनवर माझं नाव दिसलं असणार. तू काय नावाने ठेवलं होतंस मला त्यात, हे विचारायचं राहूनच गेलं.

मी म्हटलं, "काय चाललंय?"

नियमाचे शब्द तिला माहीत होते. इतक्या वर्षांत तुझ्या बाजूने ऐकलेले होते. मागे तिचं मशीन बंद होतं.

"हरलं कोण मग?" तिने विचारलं.

"मी. एकच होती, वहिनी. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग त्या दिवशी फोन त्यानं कशाला केला?"

आम्ही दोघी फोन कानाला लावून तशाच बसलो, ती डहाणूला आणि मी इकडे, आणि दोघींपैकी कुणीच ठेवत नव्हतं.

नरेश, मी हरले. फोन केला. आता तू बोल.